दामिनीचा टाक

मोहगावच्या मुकुंदनं दुसरं लग्न करायला होकार दिला तेव्हा त्याच्या मायनं, वच्छलाबाईनं, एकच गोष्ट निक्षून सांगितली. नव्या सुनेच्या गळ्यात पहिलीचा टाक पाहिजे म्हणजे पाहिजे. आमच्याकडे ही रीतच आहे बाप्पा. बायको वारली आणि माणसानं दुसरी केली, की पहिलीच्या नावानं चांदीचा नखाएवढा टाक घडवतात आणि काळ्या दोऱ्यात ओवून दुसरीच्या गळ्यात बांधतात. नवी साडी आधी त्या टाकाला लावायची, मग आपण नेसायची. पुरणपोळी झाली की पहिला घास त्याला दाखवायचा. मग मेलेली सवत रुसत नाही, जिवंत असलेलीला छळत नाही. इतकी साधी गोष्ट आहे. पण मुकुंदनं तिचाही पार विचका केला.

त्याचा पहिल्या बायकोवर, दामिनीवर, फार जीव होता. सौसरची ती. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला ‘ओ नवरदेव’ अशीच हाक मारायची, पण फक्त संत्र्याच्या बागेत, दोघंच असताना. संत्र्याचं साल अख्खं एका तुकड्यात काढायची आणि त्याच्या कानावर अडकवून द्यायची. हा बावळट तसाच साल कानावर घेऊन झाडं पाहत फिरायचा. आणि अशी बाई एका तापानं गेली. नागपूरला नेलं, डॉक्टरांनी हात टेकले, आणि परत आणताना पांढुर्ण्याच्या अलीकडेच तिनं जीव सोडला. तो गाडीत तिचा हात धरून बसला होता. हात गार झाला तरी त्यानं गावापर्यंत सोडला नाही.

सवाष्ण बाई गेली की तिची जोडवी तिच्या पायातच जाऊ द्यायची असतात. चितेवर ठेवण्याआधी मुकुंद शेवटचं पाया पडायला म्हणून वाकला आणि त्यानं ती हळूच काढून खिशात टाकली. कोणी पाहिलं नाही. पुढं टाक घडवायची वेळ आली, तेव्हा पांढुर्ण्याच्या कवडू सोनाराच्या हातात त्यानं तीच जोडवी ठेवली.

“चांदी कुठली होय, मुकुंदभाऊ?” सोनारानं विचारलं.

“घरचीच आहे,” हा म्हणाला.

काय म्हणावं या माणसाला! बाजारात दुसरी चांदी नव्हती काय? पण त्याला वाटलं, तिचं काहीतरी घरात राहील.

दुसरी बायको अमिता तिगावची. शांत मुलगी. आली, पदर खोचून कामाला लागली, टाक गळ्यात बांधून घेतला आणि त्याला रोज हळदीकुंकू लावू लागली. मुकुंद तिच्याशी वाईट वागला नाही, चांगलाही वागला नाही. जेवताना ताटाकडे पाहून बोलायचा. भाजी चांगली झाली तरी सांगायचा नाही.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. भर दुपारी मजूर जेवायला गेले होते. अमिता डबा घेऊन आली आणि त्याच्याजवळ बसली. तिनं ढिगातलं एक संत्रं उचललं, अख्खं साल एका तुकड्यात काढलं आणि त्याच्या कानावर अडकवलं.

मुकुंद घास हातात धरून तिच्याकडे पाहत राहिला.

“असे काय पाहून राहिले, ओ नवरदेव?” ती म्हणाली. आवाज अमिताचाच होता. बोलायची ढब अमिताची नव्हती.

बागेतल्या पाखरांचा गलका एकदम थांबला. खाली बसलेला कुत्रा उठला आणि अंग चोरत धुऱ्याच्या बांधापलीकडे गेला. मुकुंदच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसरा कोणी असता तर तिथून पळत सुटला असता. याचे डोळे भरून आले. दोन वर्षांत त्याला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

मग हे रोजचंच झालं. दुपारी बाग रिकामी झाली की दामिनी यायची. जुन्या गोष्टी काढायची, त्याची टिंगल करायची, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. थोड्या वेळानं अमिता डोळे चोळत उठायची आणि, “मले डोळा लागला वाट्टे,” म्हणायची. तो हो म्हणायचा. तिला काही सांगावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. चोरच तो!

पण अमिता वाळत चालली. तिच्या पायातली जोडवी सैल होऊन गळायला लागली. वच्छलाबाईनं दोनदा दाबून बसवली, तरी दुसऱ्या दिवशी अंगणात पडलेली. तिच्या बोटांवर मात्र वळ उमटले होते, वर्षानुवर्षं जोडवी घातलेल्या बाईच्या पायावर असतात तसे. कधी ती चुलीपुढे हातात पळी धरून उभीच राहायची, पुढं काय करायचं ते विसरल्यासारखी.

एक दिवस तिचा भाऊ वैभव भेटायला आला. अमितानं त्याला पाणी दिलं, पदर सारखा केला आणि सासूला हळूच विचारलं, “आई, हे पाव्हने कोन होय?”

वैभव आधी हसला. ताई गंमत करते असं त्याला वाटलं. मग त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याच्या हातातला गिलास तसाच राहिला. “ताई, अवं मी होय,” असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मुकुंद दारात उभा होता. दामिनी येते, म्हणजे कोणाला तरी जावं लागतं, एवढी साधी गोष्ट या शहाण्याला त्या दिवशी कळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, तेव्हा त्यानं तिला मांडीवर डोकं ठेवू दिलं नाही.

“अमिता कुठी आहे?” त्यानं विचारलं.

“मी होती तथी.”

“कशी आहे ती जागा?”

“उजेडबी नाई, अंधारबी नाई. कोनी हाक मारत नाई. नुसतं उभं राहा लागते.”

“तिले येऊ दे, दामिनी.”

“मंग मी कुठी जाऊ?” तिचा आवाज कापला. “मी त गेलीच होती. तुमीच माही जोडवी काढून मले धरून ठेवलं. आता काहून नको झाली मी?”

नको कशी होईल? त्याला वाटलं, पडून राहावं इथंच, जाऊ दे अमिता. खरंच वाटलं त्याला, आणि त्याची त्यालाच भीती वाटली. त्यानं संत्री तोडायची कैची उचलली. तिनं दोन्ही हातांनी टाक घट्ट धरला.

“एकडाव माहा हात सुटला तुमच्या हातातून,” ती म्हणाली. “आता सोताच्या हातानं नोका सोडू, नवरदेव.”

मुकुंद ढसाढसा रडत होता. रडता रडताच त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली. ती गार होती, त्या गाडीत होती तशीच. त्यानं दोरा कापला. टाक मातीत पडला आणि ती त्याच्या अंगावर कोसळली.

हळूहळू तिचं अंग हाताला ऊन लागू लागलं. डोळे उघडले. अमिताच होती. तिनं गळा चाचपला, मातीतला टाक पाहिला, आणि तिला सगळं कळलं.

“कापला तुमी?” ती म्हणाली. “काहून कापला? राहू द्याचा होता ना जी.”

“तुले मालूम होतं?”

“पयल्या दिवसापासून. ती इचारे, येऊ का म्हनून. मीच हो म्हनत होती.” तिनं मान खाली घातली. “ती आली म्हंजे तुमी माह्या तोंडाकडं पाहत होते. एरवी कवा पाह्यलं तुमी माह्याकडं?”

मुकुंदला स्वतःचीच शरम वाटली. त्यानं तिच्या केसांतला कचरा काढला, तिला झाडाच्या बुंध्याशी टेकवून बसवलं आणि पाणी पाजलं. मग त्यानं पहिल्यांदाच विचारलं, “तुले काय खावं वाटते, अमिता? मी आनतो. काय आवडते तुले?”

अमितानं कपाळाला आठ्या घातल्या. ती खूप वेळ आठवत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती पसरत गेली.

“आठवून नाई राह्यलं,” ती म्हणाली. “काहीच नाई आठवून राह्यलं. तुमीच सांगा ना जी, काय आवडते मले?”

दामिनीला तिखट मुरमुरा आवडायचा, ओली हळद आवडायची, पायाला थंडगार पाटाचं पाणी आवडायचं. ते सगळं मुकुंदच्या ओठांशी आलं. अमिता त्याचा हात धरून, त्याच्या तोंडाकडे पाहत, उत्तराची वाट पाहत होती, आणि तिच्याबद्दल सांगायला त्याच्याजवळ एकही गोष्ट नव्हती.