दोन्ही रिमोट मिलिसावबरोबर गेले

मिलिसावच्या चाळिसाव्या दिवसाचं सगळं नीट पार पडलं. कबरीवर मेणबत्त्या लागल्या, गोड गहू वाटून झाले, राकिया दारूचा घोट आधी मातीला आणि मग माणसांना मिळाला, आणि भाचे-पुतणे कोटावरचे पावाचे कण झटकत आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा ल्युबिशा आईच्या चाचक शहरातल्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा रिमोट शोधायला लागला. उद्या त्याला तो राहायचा त्या लिंझची बस पकडायची होती आणि आईला अशा मुक्या घरात एकटीला सोडून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं.

कोचाच्या गाद्या उचलून झाल्या. पावाचा डबा, बापाच्या जॅकेटचे खिसे, बाथरूममधलं कपाट, सगळं झालं. विदोसावा, त्याची आई, गुडघे धरून पलंगाखालीसुद्धा वाकून आली. हे सगळं मिलिसावची थोरली बहीण रोसांदा खुर्चीत बसून बघत होती. ती खालच्याच मजल्यावर राहायची आणि भाऊ गेल्यापासून रोज दोन वेळा वर यायची, वहिनी नीट रडतेय ना हे बघायला. टीव्हीवर काळं कापड तिनेच घातलं होतं. तिने कॉफीचा शेवटचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि विचारलं, "मघापासून काय शोधताय रे?"

"रिमोट, आत्या. टीव्हीचा."

"मग विचारायचंस की. तो इथे नाहीये. मी मिलिसावबरोबर दिला."

ल्युबिशाच्या हातातली उशी हातातच राहिली. "म्हणजे, पेटीत?"

"कोटाच्या आतल्या खिशात. एका खिशात सिगारेटी आणि कंगवा, दुसऱ्यात रिमोट. प्लास्टिकसकट."

"आणि केबलच्या डब्याचा?"

"तोही. एक दुसऱ्याशिवाय चालत नाही, असं तोच नाही का म्हणायचा?"

ल्युबिशा बाल्कनीत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली, तिला वाटलं पोरगा बापासाठी रडतोय. थोडं रडतही असेल, पण बरंचसं हसत होता.

"हसतोस काय?" रोसांदा आतून कडाडली. "जन्मभर हातात होता त्याच्या. सिगारेट दिलेली चालते आणि रिमोट चालत नाही? आणि सुतक म्हणून वर्षभर या घरात टीव्ही लागणारच नव्हता. मग कुणाचं अडलं होतं?"

विदोसावा कप उचलून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. आपला नवरा गेला हे तिला दवाखान्यात कळलं होतं, कबरीवर कळलं होतं, रोज सकाळी एकच कप कॉफी उकळताना कळत होतं. पण आत्ता जे कळलं त्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गेला तो गेला, वर रिमोटही घेऊन गेला.

मिलिसाव वाईट माणूस नव्हता. बस चालवायचा, पगार घरी आणायचा, कधी हात उगारला नाही. पण घरात टीव्ही आल्या दिवसापासून तो त्याचा होता आणि रिमोट आल्यावर तर विचारायलाच नको. एक हातात, एक मांडीवर. दोन्ही पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर चिकटपट्टी मारलेले, बटणं झिजू नयेत म्हणून. जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशाशी. संडासला जायचा तेव्हाही खिशात. विदोसावा कोचाच्या टोकाला विणत बसायची आणि तो लावेल ते बघायची. बहुतेक वेळा चार पुरुष टेबलाभोवती बसून देश कुणी बुडवला यावर भांडत असायचे. एका हिवाळ्यात तिला बर्फावरच्या नाचाची स्पर्धा सापडली होती, म्हणजे तो बटणं दाबता दाबता तिथे थांबला होता. निळ्या कपड्यातली एक बारकीशी मुलगी गिरक्या घेत होती. शेवटची उडी तिने घेतली आणि मिलिसावने चॅनेल बदललं. "अहो, पडली की राहिली?" विदोसावाने विचारलं. "कोण?" तो म्हणाला. त्याने खरंच तिकडे बघितलं नव्हतं. तिला इतका राग आला होता की त्या रात्री तिने त्याच्या सूपमध्ये मीठच घातलं नाही. त्याने मीठ मागून घेतलं, टीव्हीवरून नजर न हलवता.

नळ बंद करून ती बाहेर आली.

"ल्युबिशा, कोट घाल. दुकानात जाऊन नवीन रिमोट आणू."

"आज?" रोसांदा उठून उभी राहिली. "काळ्या कपड्यात तू टीव्हीच्या दुकानात जाणार? लोक काय म्हणतील, विदा? कबरीवरची फुलं अजून सुकली नाहीत."

"फुलं सुकली, वन्सं. काल मीच काढून टाकली."

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. ल्युबिशाने त्याला आईसमोरच सगळं समजावून सांगितलं. एकच रिमोट हवा, टीव्हीलाही चालेल आणि डब्यालाही. म्हाताऱ्या माणसासाठी. सोप्यात सोपा.

"आहे की," दुकानदार म्हणाला. त्याने काचेवर साबणाच्या वडीएवढा पांढरा रिमोट ठेवला. त्यावर सहा बटणं, एकेक कोटाच्या गुंडीएवढं. "चालू-बंद, आवाज वर, आवाज खाली, चॅनेल पुढे, चॅनेल मागे, आणि हे गप्प करायचं. याच्या आत आवडीची चॅनेलं भरून ठेवायची, बाकीची बंद. चुकून काही दाबलं जात नाही. लोक आईवडिलांसाठी हाच नेतात."

"उत्तम," ल्युबिशा म्हणाला. "तीन भरून द्या. पहिलं चॅनेल, ते चर्चचं, आणि गाण्यांचं एखादं."

"बातम्या?"

"बातम्या नकोत. तिचं बीपी वाढतं."

दोघं पुरुष काचेवर वाकून बोलत होते आणि विदोसावा पर्स पोटाशी धरून त्यांच्यामागे उभी होती, बसथांब्यावर ठेवलेल्या सामानासारखी. तिने ल्युबिशाच्या कोटाची बाही ओढली.

"आणि मला वाटलं चौथं बघावं, तर?"

"तुला कशाला लागतंय चौथं?"

तो हे मायेने बोलला होता. तेच तर वाईट होतं. बापाने कधी विचारलं नाही आणि मुलाने विचारायच्या आधीच उत्तर ठरवून ठेवलं होतं. बाप आवडीचं लावायचा, हा तिच्या भल्याचं लावणार होता. विदोसावाची कानशिलं तापली.

"आजी, ऐका," दुकानदार मध्ये पडला, "जास्त बटणं असली की गोंधळ होतो."

"मी तुमची आजी असते तर तुम्हाला दुकानात चप्पल काढून उभं केलं असतं," विदोसावा म्हणाली. "तो उचला तिथून. दुसरे दाखवा."

"आई, मी लिंझला असणार," ल्युबिशा हळू आवाजात म्हणाला. "तू रात्री फोन करशील, स्क्रीन निळी झाली म्हणून. तेव्हा मी तिथून काय करू?"

"काही करू नकोस. मी निळी स्क्रीन बघत बसेन. माझी स्क्रीन, माझे डोळे."

दुकानदाराने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मुकाट्याने पाच रिमोट काढले. विदोसावाने हातमोजे काढले. एक काळा, चकचकीत, त्याची बटणं इतकी बारीक की दोन एकदम दाबली गेली. तो बाजूला. एकावर आकडेच नव्हते, नुसती चित्रं. तोही बाजूला. एकाच्या मागचं झाकण नखाने उघडेना, सेल बदलायला दर वेळी शेजारच्याला बोलवावं लागलं असतं. चौथा मात्र हातात नीट बसला. लांबट, राखाडी, आकडे शून्यापासून नऊपर्यंत, ठळक आणि पांढरे, पाचावर छोटासा उंचवटा. तिने डोळे मिटून अंगठ्याने तो उंचवटा शोधला, मग त्याच्या वरचा आकडा, मग खालचा. झाकण उघडून बघितलं, लावून बघितलं. दुकानदाराने दुकानातला टीव्ही लावून दिला, आणि तिने लागोपाठ चॅनेलं बदलली, ल्युबिशा "आई, पुरे" म्हणेपर्यंत.

"हा द्या," ती म्हणाली. ल्युबिशाने खिशात हात घातला तर तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि स्वतःची पर्स उघडली.

"पांढराही घ्या," दुकानदार ल्युबिशाच्या कानाशी म्हणाला, "हा नाही जमला तर असू द्या." ल्युबिशा मान डोलवत होता. विदोसावाने दोघांकडे असं बघितलं की पांढरा रिमोट परत फडताळात गेला.

घरी रोसांदा दारातच उभी होती. जिन्यात पावलं ऐकून वर आलेली. तिने पिशवीकडे बघितलं आणि देवाचं नाव घेऊन छातीवर क्रूस काढला. मग खुर्चीत जाऊन बसली, पाठ ताठ, हात मांडीवर.

विदोसावाने टीव्हीवरचं काळं कापड काढलं, घडी घातली आणि नणंदेच्या मांडीवर ठेवलं.

नवीन रिमोटला आधी टीव्हीची ओळख करून द्यावी लागत होती. एक बटण दाबून धरायचं, रिमोट टीव्हीकडे रोखायचा आणि थांबायचं. तो एकेक संकेत पाठवत राहतो. टीव्ही चालू झाला की त्याच क्षणी बटण सोडायचं. ल्युबिशाने धरलं. मिनिटभराने त्याचा फोन वाजला, त्याने तिकडे बघितलं, तेवढ्यात टीव्ही लागला आणि विझला. पुन्हा धरलं. या वेळी घाई केली, आधीच सोडलं. तिसऱ्या वेळी काहीच झालं नाही.

"हा टीव्ही जुना आहे, आई. नाही लागत." त्याने रिमोट टेबलावर ठेवला. "दुकान पाचपर्यंत उघडं आहे. मी जाऊन तो पांढरा घेऊन येतो, तो तिथेच लावून देतात म्हणाला."

"देवालाच मंजूर नाही," रोसांदा म्हणाली.

विदोसावाला कळत होतं, आत्ता पांढरा आला की तो कायमचा आला. मग ल्युबिशा निश्चिंत मनाने लिंझला जाईल, वन्सं खाली जाऊन झोपतील, आणि ती मरेपर्यंत तीन चॅनेलं बघेल, दुसऱ्याने भरलेली. तिने राखाडी रिमोट उचलला. टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली, हात वर केला आणि बटण दाबून धरलं.

बराच वेळ काही झालं नाही. तिचा हात थरथरायला लागला, तेव्हा तिने दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला.

"हात दुखेल, विदा."

"दुखू दे."

"आई, दे, मी धरतो."

"तू तीनदा धरलास. गप्प बस आता."

खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. तिने नजर काळ्या स्क्रीनवरून हलवली नाही. टीव्ही लागला तसा तिने अंगठा उचलला. स्क्रीन उजळलेली राहिली.

आवाज मिलिसावच्या कानाला लागायचा तेवढा, म्हणजे सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतका. चार पुरुष टेबलाभोवती बसून भांडत होते. ल्युबिशा दचकला आणि टीव्हीकडे बघत त्याने हात बाजूला पसरला, तळवा वर, बोटं किंचित वाकलेली. शब्द नाही, नजर नाही. अगदी बापासारखा.

विदोसावाने त्या तळव्याकडे बघितलं. "काय हवंय?"

"रिमोट. आवाज कमी करतो."

"कमी कर म्हणून मला सांग. हात पसरू नकोस."

ल्युबिशाने हात मागे घेतला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आवाज कमी कर, आई," तो म्हणाला. "करतेस का?"

तिने केला. तोवर रोसांदा रडायला लागली होती, काळं कापड तोंडाशी धरून. गेल्या चाळीस दिवसांत ती एवढी रडली नव्हती. "त्याचंच चॅनेल आहे गं हे. तो इथेच बसलाय असं वाटतंय. ऐक ना. राहू दे, विदा, बदलू नकोस. एवढं तरी त्याचं राहू दे."

विदोसावालाही वाटलं होतं ते. त्या आवाजांमध्ये मिलिसावचा खोकला मिसळलेला होता, त्याची सिगारेट, त्याचं "बघ, बघ, काय बोलतोय गाढव." मग तिने बटण दाबलं. पुरुष गेले. कुठल्यातरी समुद्राखाली मासे पोहायला लागले.

"विदा!" रोसांदा ताडकन उठली. "लाज नाही वाटत? एक वर्ष तरी सुतक पाळ माझ्या भावाचं!"

"वन्सं, लग्न झाल्या दिवसापासून पाळतेय," विदोसावा म्हणाली. "आज फिटलं."

रोसांदा दाराकडे निघाली. मुठीला हात लावला, पण दार उघडलं नाही, पाठमोरी उभी राहिली. विदोसावा मिलिसावच्या खुर्चीत बसली, जिच्यात चाळीस दिवसांत कुणी बसलं नव्हतं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्हाला काय बघायचंय?"

"मला?"

"तुम्हालाच विचारतेय."

रोसांदा वळली. आधी बाप, मग नवरा, मग भाऊ, असे पुरुष तिच्या घरात टीव्हीसमोर, रेडिओसमोर, पेपरासमोर बसत आले होते आणि ती त्यांच्यामागे कॉफी घेऊन उभी होती. "त्याचंच लाव," ती शेवटी म्हणाली.

"ते सोडून."

"मग मला नाही माहीत गं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला कुठे माहीत आहे काय काय असतं ते."

"मलाही नाही माहीत," विदोसावा म्हणाली. "बसा इथे. एकेक बघू. नको असेल तर नको म्हणा."

रोसांदा येऊन आपल्या खुर्चीच्या टोकावर बसली. पडद्यावर मासे पोहत होते. तिने ते जरा वेळ बघितले आणि नाक पुसलं.

"नको," ती म्हणाली, आणि विदोसावाने बटण दाबलं.