एकोणसाठ आणि एकसष्ट

गल्लीच्या तोंडाचं पडकं घर पाडलं आणि नगरपालिकेनं ठरवलं, त्या बाजूच्या प्रत्येक घराचा नंबर दोनानं कमी करायचा. बाकीच्यांनी मुकाट्यानं पाट्या उतरवल्या. गणिताच्या निवृत्त मास्तरांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

मास्तर एकोणसाठ नंबरात राहत, एकटे. शेजारी एकसष्टमध्ये शिवणकाम करणाऱ्या बाई, त्याही एकट्या. सहा वर्षांपूर्वी मास्तर त्यांच्याकडे सदऱ्याचं बटण लावून घ्यायला गेले, आणि तेव्हापासून त्यांची बटणं फारच तुटायला लागली. बाईंवर त्यांचा जीव होता, पण सांगायची वेळ आली की दातखीळ बसायची. मग सगळी भिस्त आकड्यांवर. एकोणसाठ ही मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून तिला कुणाचाच भाग जात नाही. एकसष्टही तशीच. मध्ये फक्त साठ. अशा जोडीला जोडमूळ म्हणतात. गणितानंच जोडी जमवली असताना आपण कशाला तोंड उघडायचं, असा मास्तरांचा हिशेब.

आता त्यांच्या दारावर सत्तावन्न येणार होतं. दिसायला मूळ, पण तिनानं खुशाल भाग जातो. मास्तर तडक कचेरीत गेले.

"हरकतीचं कारण?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"एकोणसाठ आणि एकसष्ट जोडमूळ आहेत. त्यांची ताटातूट होईल."

"जोड... काय?" डोक्यावरचा पंखा खडखडत होता.

"मूळ हो, मूळ! जोडमूळ!"

कारकुनानं मास्तरांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "या वयात?" एवढंच म्हणून त्यानं लिहून घेतलं. मूळ संख्यांना वयाची अट कधीपासून लागली, हे मास्तरांना कळेना.

चौथ्या दिवशी बाई दारात उभ्या. गळ्यात मोजपट्टी, हातात कागद.

"मास्तर, वाचा. मोठ्यानं."

मास्तर वाचू लागले. "क्रमांक एकोणसाठ व एकसष्ट यांना जुळी मुले असून, नंबर बदलल्यास त्यांची ताटातूट होईल, अशी हरकत आली आहे. तरी पाहणीच्या दिवशी मुले घरी हजर ठेवावीत."

"याची प्रत समोरच्या साठ नंबरच्या न्हाव्यालाही गेलीय," बाई म्हणाल्या. "सकाळपासून तीन गिऱ्हाइकं विचारून गेली, दुपटी शिवून झाली का म्हणून."

मास्तरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चाचरत, घाम पुसत त्यांनी सगळं सांगितलं. मूळ म्हणजे काय, जोडमूळ म्हणजे काय, सत्तावन्न किती लबाड. "म्हणजे बाई, आपल्या दोघांच्या मध्ये काय ते... साठच."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मास्तर, साठी तर आपण दोघांनी कधीच ओलांडली. आता मध्ये काय उरलं?"

मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा हातचा न राखता उत्तर दिलं. "काही नाही."

"आणि माझा नवा नंबर? एकोणसाठ ना? तो मूळ आहे?"

"अगदी अस्सल."

"मग सामान उचला आणि तिकडंच या राहायला. तुमचं सत्तावन्न देऊ भाड्यानं."

"असल्या नंबरात कोण येईल, बाई?"

"तिनानं भाग जातो म्हणालात ना? तीन भाडेकरू ठेवू."