मधेच मागितलेलं गाणं

नागसेनचं पत्र अकरा वर्षं माझ्या शब्दकोशात पडून होतं. निळं आंतरदेशीय पत्र, घडीवर आता बारीक भोकं पडलेलं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. लिहायला बसलो नाही असं नाही. ‘प्रिय नागसेन, जय भीम’ एवढं मी चौदा-पंधरा वेळा तरी लिहिलं असेल. पुढची ओळ कधी आली नाही.

परवा त्याची मुलगी मयुरी माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मी तो शब्दकोश उगाच फळीवर मागे सारला.

“काका, बाबानं बलावलं तुमाले. आताच चला.”

“आत्ता? उद्या सकाळच्या गाडीने आलो तर?”

“उद्याचं काई सांगता येत नाई, काका.”

मी पिशवी घेतली. लोणारच्या वाचनालयात छत्तीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. शिकवलं कुणालाच नाही, तरी चष्मा आणि पिशवी पाहून सगळे गुरुजी म्हणतात. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

नागसेन हा बीबी गावचा गायक. त्याची गायन पार्टी तीस वर्षं या भागात फिरली. जयंती असो, लग्न असो, नागसेनची गाणी वाजायचीच; शेतात निंदणी करणाऱ्या बायांनाही ती पाठ होती. तीन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं आणि आवाज गेला. आता दुखणं परत आलं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, यात सगळं आलं.

बसमध्ये मयुरी खिडकीकडे बसली. ती अंगणवाडीत शिकवते. बोलणं बापासारखं, थेट.

“रविवारी बाजाराच्या मैदानात कार्यक्रम ठेवला. बाबाच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हनून. मी म्हनते, बाबानं लिवलेलं नाटक करू. बाबा पाटीवर लिवते, नाटक नाई, फक्त गाणे. तीन दिवस झाले भांडून राह्यलो आमी. एक बोलते, दुसरा लिवते.”

मी हसलो. तिने माझ्याकडे पाहिलं.

“तुमी त्या दिवशी होते ना, काका? अकरा सालाआधी? खरं सांगा. नाटक वाईट होतं?”

बाहेर तुरीची शेतं मागे पळत होती.

“बरं होतं,” मी म्हणालो.

ती खिडकीकडे वळली. ‘बरं’ या शब्दाच्या आड मी अख्खं आयुष्य काढलं आहे.

नाटकाची कल्पना नागसेनला शहरात सुचली. तिथे त्याने एक प्रयोग पाहिला होता. जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली गाणी घेऊन त्यांच्यामधून एक गोष्ट ओवलेली. दुसऱ्या दिवशी तो थेट वाचनालयात आला आणि टेबलावर वाकून विचारू लागला.

“गुरुजी, गाणे आधी अन् गोष्ट मागून, हे जमते कसं? माह्यापाशी अकरा गाणे हायेत. गोष्ट एक नाई.”

मी त्याला एक मासिक काढून दिलं. परदेशात असली नाटकं खूप होतात, काही वर्षानुवर्षं चालतात आणि काही आठवड्यात बंद पडतात, असं त्यात होतं. पुढे महिनाभर तो दर बुधवारी यायचा. बोलता बोलता मला जे कळत गेलं ते मी भीत भीत त्याला सांगितलं. गाण्यापर्यंत पोचायचं म्हणून गोष्ट ओढली की लोक घड्याळ बघतात. माणसाचं बोलणं संपलं, आता गाण्यावाचून त्याला इलाज नाही, अशा जागी तेच गाणं आलं की लोक ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतात. आणि जे गाणं सगळ्यात लाडकं, त्याची वाट बघायला लावली पाहिजे. लोक तेच ऐकायला आलेले असतात. ते आधी दिलं तर पुढे बसायचं कशाला?

“म्हंजे ‘ऊन उतरलं’ शेवटाले,” नागसेन म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं.

ते त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं. ‘ऊन उतरलं वं माय, आतातरी घरी ये.’ त्याच्यासाठी त्याने गोष्ट रचली. सरू नावाची पोरगी. तिची माय विहिरी खोदायच्या कामावर दूर जाते आणि परत येत नाही. सरू वाट बघत मोठी होते, म्हातारी होते. शेवटी एका संध्याकाळी ती स्वतः शेतात भान हरपून बसलेली असते आणि तिची लेक बांधावरून तिला हाक मारते. तिथे ते गाणं. मी वही वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्याला म्हणालो, “बरं आहे.”

तो प्रयोग बीबीच्या बाजाराच्या मैदानात झाला, जयंतीच्या महिन्यात. त्याआधी दोन महिने माझी बायको भिमाबाई गेली होती. डाळ निवडताना ती हेच गाणं गुणगुणायची. शेवटच्या आठवड्यात अंथरुणावरही तिचे ओठ त्याच चालीत हलायचे. घरात ते थांबल्यापासून मी ते कुठेच ऐकलं नव्हतं.

गायन पार्टीत एक रीत असते. ऐकणारा चिठ्ठी लिहितो, चिठ्ठी हातोहात पुढे जाते आणि गायकाला ते गाणं म्हणावंच लागतं. नागसेनने आयुष्यात एकही चिठ्ठी परत केली नव्हती. तो म्हणायचा, “चिठ्ठी म्हंजे मानसानं हात जोडले. हात जोडलेल्याले नाई कसं म्हनाव?”

नाटक सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. दिवेलागण होत होती. मंचावर सरूची माय गाठोडं उचलून निघाली होती, पोरगी तिच्या पदराला धरून होती. मैदानात एक खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता. त्या शांततेत मला भिमाबाई आठवली, आणि शेवटापर्यंत थांबणं मला जमलं नाही. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. खिशात वाचनालयाचं कोरं कार्ड होतं. त्यावर लिहिलं, ‘कृपया ऊन उतरलं म्हणावे.’ नाव घातलं नाही. पुढच्या माणसाच्या हातात दिलं. ते डोक्यांवरून जाताना मला दिसत होतं. उठून ते परत घ्यावं एवढा वेळही होता.

नागसेन मंचाच्या कडेला माइकपाशी उभा होता. त्याने कार्ड वाचलं. उलटून पाहिलं. गर्दीवरून नजर फिरवली, बराच वेळ. मग त्याने पेटीवाल्या उकंडरावांना खूण केली आणि ‘ऊन उतरलं’ सुरू केलं.

सरूची माय गाठोडं घेऊन मंचाच्या मधोमध उभी राहिली. जावं की थांबावं ते तिला कळेना. लोक उठून टाळ्या देऊ लागले. माय अजून गेलीच नव्हती आणि आम्ही तिला घरी बोलावून घेतलं होतं. मी रडलो. मला फार बरं वाटलं. मग चिठ्ठ्यांचा पाऊस पडला, चाळीस की पन्नास. नाटक पुन्हा उभं राहिलं नाही. अकरा गाणी संपली तशी माणसं चपला शोधत घरी गेली.

आठवड्याने पत्र आलं. ‘गुरुजी, जय भीम. लोकाईनं टाळ्या देल्या, पन गोष्टीसाठी कोनी थांबलं नाई. काय चुकलं ते तुमीच सांगू शकता. पत्रानं कळवा. तोंडानं तुमी सांगनार नाई.’

तुमीच, असं त्याने लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि तरी वाचलं नाही.

बीबीला पोचलो तेव्हा नागसेन ओट्यावर बाजेवर उशाला टेकून बसला होता. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. गळ्याला पांढरा रुमाल. मांडीवर पोराची असावी तशी पाटी. शेजारी उकंडराव पेटी पुसत होते.

“या गुरुजी, भेटा आमच्या साहेबाले,” उकंडराव म्हणाले. “आता तोंडी कारभार बंद. हुकूम पाटीवर सुटते. अन् खोडतो बी तोच.”

नागसेन डोळ्यांनी हसला. त्याची बायको तानाबाई चहा घेऊन आली. “भाऊ, तुमीच समजवा याले. दोन घोट पानी बी घेत नाई, अन् पोरीसंगं भांडाले ताकद हाय.”

नागसेनने लिहिलं, ‘रविवारी फक्त गाणे. चिठ्ठ्या घेयाच्या.’

“मले नाटक कराचं हाय,” मयुरी म्हणाली. “सरूचं काम मी करते. पोरी तयार हायेत.”

‘गोष्टीत दम नवता.’

“कोन म्हनलं? नाव सांगा!”

“पोरी, लोकाईले गाणं पायजे,” उकंडराव म्हणाले. “गोष्ट गेली तेल लावत.”

“तुमी पेटी वाजवा हो, उकंडकाका!”

नागसेनने हात वर करून दोघांना थांबवलं आणि फळीवरच्या डब्याकडे बोट दाखवलं. तानाबाईने बिस्किटाचा जुना डबा उतरवला. त्यात चिठ्ठ्या होत्या, तीस वर्षांच्या. पाकिटं, बिडीचे कागद, पंचांगाची पानं. त्याने तळातून एक कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

वाचनालयाचं कार्ड. माझं अक्षर. छत्तीस वर्षं ज्या अक्षरात मी त्याच्या नावावर पुस्तकं लिहिली, ते अक्षर त्याला ओळखू येणार नाही असं मला का वाटलं होतं कोण जाणे.

त्याने पाटी आपल्या छातीशी धरून लिहिलं आणि फक्त माझ्याकडे वळवली.

‘पुस्तकवाल्या मानसाले बी गोष्ट आयकवली नाई. मंग कोनाले आयकवन?’

मी वाचेपर्यंत तो थांबला. मग तळहाताने सगळं पुसून टाकलं, मयुरी मान पुढे करायच्या आत.

गोष्ट फसली म्हणूनच मी गाणं मागितलं, असं त्याने अकरा वर्षं धरलं होतं. त्या दिवसानंतर त्याने एकही गोष्ट लिहिली नाही, हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं त्याला वेळ मिळत नसेल.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तीन माणसं समोर होती, चौथा, नागसेन, ऐकायला थांबलेला होता. मी तोंड उघडलं. “तब्येतीला जप,” मी म्हणालो. आणि मग, “शेवटची गाडी चुकायची.”

नागसेनने मान हलवली. कार्ड माझ्या हातातून हलकेच काढून घेतलं आणि डब्यात परत ठेवलं.

काल दुपारी मयुरीचा फोन आला.

“बाबा डोळे उघडत नाई, काका. आयकू येते, हात दाबते. पाटी सुटली. मी हारली. रविवारी गाणेच करतो. त्याच्या मनाविरुद्ध नाई करवत मले.”

“मयुरी,” मी म्हणालो.

“हाव, बोला ना.”

“काही नाही. काळजी घे.”

फोन ठेवला आणि टेबलाशी बसलो. भांडी घासायची राहिली होती, तशीच राहिली. या वेळी ‘प्रिय नागसेन, जय भीम’च्या पुढे लिहिलं.

‘ती चिठ्ठी माझी होती. तुला माहीत आहे, पण का ते माहीत नाही. तुझ्या गोष्टीला कंटाळून मी गाणं मागितलं, असं नाही. माय गाठोडं घेऊन निघाली आणि मला माझं घर दिसलं. गोष्ट इतकी खरी होती की मला सोसली नाही. भिमाबाई जाऊन दोन महिने झाले होते. गाणं शेवटी ठेव असं मीच तुला शिकवलं आणि मीच पहिला मोडलो. नाटक वाईट नव्हतं. एका माणसाला धीर नव्हता. हे मी तेव्हाच सांगितलं असतं तर तू आणखी किती लिहिलं असतंस याचा हिशेब मला लावता येत नाही. क्षमा मागायला मला तोंड नाही. मयुरी, रविवारी नाटक कर. चिठ्ठ्या घेऊ नकोस. माय जाऊ दे आधी.’

पाकिटावर नागसेनचं नाव घातलं. खाली लिहिलं, ‘मयुरीने सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.’

आज सकाळी लोणारच्या पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट पाहिलं. “गुरुजी, इथून टाकलं तर आधी मोठ्या गावाला जाईन, मंग फिरून बीबीले. चार-पाच दिवस धरा. घाई असन तर बीबीच्याच पेटीत टाका, उद्या हातात भेटन.”

म्हणून दहाच्या गाडीने बीबीला आलो. टपालपेटी नागसेनच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथून त्याचा ओटा दिसतो. बाज होती, बाजेवर चादरीचा उंचवटा होता. तानाबाई उशाशी बसून पदराने वारा घालत होती. म्हणजे अजून होता.

चाळीस पावलं असतील. पाकीट हातात देऊन मागे फिरता आलं असतं. पण मी स्वतःला ओळखतो. ओट्यावर गेलो असतो तर पाकीट पिशवीत राहिलं असतं आणि तब्येतीची चौकशी करून मी परत आलो असतो.

विहारात तालीम चालू होती. पोरींचा गलका, त्यात मयुरीचा दरडावणारा आवाज. मग सगळं शांत झालं आणि उकंडरावांनी पेटीवर ‘ऊन उतरलं’चे आधीचे सूर धरले. पुढची ओळ आता येणार होती. तिथे उभं राहिलो असतो तर ती ऐकायला मिळाली असती.

मी पाकीट फटीत घातलं आणि सोडलं. पेटी रिकामी असावी. पत्र्यावर पडल्याचा आवाज आला. गाणं सुरू व्हायच्या आत मी स्टँडच्या रस्त्याला लागलो होतो.