उजवी पाकळी

"नाही म्हणजे नाही! देवीला विचारल्याशिवाय ही पोर गावाची शीव ओलांडायची नाही!"

गुरवाने तांब्या असा आपटला की निम्मं पाणी अंगणात गेलं. चुलीपुढे बसलेली गुरवीण भाकरी थापत राहिली. एकोणीस वर्षांच्या संसारात ती एक गोष्ट पक्की शिकली होती. नवऱ्याने देवीचं नाव घेतलं की गप्प बसायचं आणि जे करायचं ते मागून करायचं.

पोरीला तालुक्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. आणि इकडे सरपंचाने आपल्या ट्रॅक्टरवाल्या भाच्यासाठी तिला मागणी घातलेली. भाचा ट्रॅक्टर बरा चालवायचा, पण उतरल्यावर त्याचे पाय सरळ पडत नसत. गुरवाला मात्र सरपंच आपण होऊन दारात आला याचंच काय ते कौतुक.

"अहो, सोमवार तोंडावर आलाय," गुरवीण एवढंच म्हणाली.

"म्हणून तर उद्याच कौल लावायचा. सगळ्या गावाला आपण सांगतो, देवीला विचारा, आणि घरच्या पोरीचं न विचारता? राक्षसाला मारून माय दमून इथे टेकली, तेव्हा गावाने पाय धरले. ती म्हणाली, राहते, पण मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. विसरलीस?"

पोरगी वेणी घालत होती. ती म्हणाली, "आबा, राक्षसाच्या मागे शंभर कोस एकटी निघाली, तेव्हा ती कुणाला विचारून निघाली होती?"

ओसरीवर बसलेली गुरवाची म्हातारी आई खुदकन हसली आणि लगेच खोकल्याचं सोंग करून म्हणाली, "फार बोलायला लागलीस गं!"

तर गावाची रीत अशी. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि सगळ्यांनी समोर गप्प बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावायचं काम गुरवाच्या घरच्या बाईचं. आधी चाळीस वर्षं म्हातारीने केलं, मग सुनेने. आणि ते काम हातात देताना म्हातारीने सुनेच्या कानात जे सांगितलं, ते दोघींच्या पलीकडे कधी गेलं नव्हतं. पाकळीखाली नखाएवढं भिजवलेलं पीठ लावलं, की ती दुपारपर्यंत हलत नाही. मग पडायची ती दुसरीच.

गुरवाला याचा पत्ता नव्हता. तो बिचारा दर कौलाला डोळे मिटून बसायचा, पाकळी पडली की अंगावर काटा यायचा त्याच्या. गावातल्या शहाण्यांना मात्र बरोब्बर पत्ता होता. कौलाच्या आदल्या दिवशी कुणाच्या घरून तेलाचा डबा यायचा, कुणाच्या घरून लुगडं. कुणी तोंडाने काही म्हणायचं नाही, आणि सकाळी देवी त्याच्या मनासारखं सांगायची.

पण घरचाच कौल असला, तर पाकळ्या घरातल्या थोरल्या बाईने लावायच्या. म्हणजे म्हातारीने.

गुरविणीची अडचण होती ती इथेच. म्हातारी उठता-बसता म्हणायची, "पोरीच्या जातीला दवाखाना कशाला? घरात काय कमी माणसं आजारी पडतात?" ती कुठल्या पाकळीखाली पीठ लावणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुसऱ्या दिवशी उन्हाने जमीन तापून नुसती भट्टी झाली होती. पेरणीला अवकाश होता. शेतात ढेकळांशिवाय काही नव्हतं, तेव्हा सगळं गाव रिकामं. कौल म्हटल्यावर देवळाकडे रीघ लागली.

निघताना म्हातारी म्हणाली, "सूनबाई, जरा पीठ दे भिजवून."

"कशाला, आत्याबाई?"

"तुला ठाऊक नाही कशाला?"

गुरविणीने दिलं. द्यावंच लागलं. देवळात म्हातारीने पाकळ्या लावल्या आणि हात धुवायला पाण्याच्या हौदाकडे गेली. दारात पुरुषांचे जोडे वाजत होते. गाभाऱ्यात गुरवीण एकटी. तिने पदर खोचला, दोन्ही पाकळ्या पिठासकट सोडवल्या आणि उजवी डावीकडे, डावी उजवीकडे करून टाकली. पीठ कुठल्या पाकळीखाली आहे, हे बघायचं तिला सुचलंच नाही. सासूच्या मनात काय आहे, ते तिला बघण्याआधीच ठाऊक होतं ना!

मंडळी बसली. पुढे सरपंच, शेजारी दुकानदार, मागे बाकी गाव. पोरगी खांबाला टेकून उभी होती, नखं कुरतडत. पोरीने शिकायला जावं का, असं देवीला विचारून गुरवाने डोळे मिटले.

डावी पाकळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"नकार!" सरपंच गुडघ्यावर थाप मारून म्हणाला. "झालं! देवीनेच सांगितलं. आता बोलणी करायला हरकत नाही."

पोरगी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. म्हातारीने सुनेचा दंड घट्ट धरला. "अगं, असं कसं? डावीला तर मी पीठ लावलं होतं!"

"डावीला? तुम्ही डावीला लावलंत?"

"मग? माझी नात नाही का ती? तोंडाने बडबडते म्हणून काय पोरीला त्या दारुड्याच्या घरात ढकलू?"

आयुष्यात पहिल्यांदा सासू-सुनेचं एकमत झालं होतं, आणि दोघींनी मिळून पोरीचा घात केला होता. गुरविणीला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मग पोरीच्या हुंदक्याने तिचं डोकंच फिरलं. ती सरळ उठून उभी राहिली.

"हा कौल खरा नाही. पाकळ्या मी बदलल्या."

एकच गलका झाला. गुरवाने डोळे उघडले. सरपंच लालबुंद झाला. "देवीच्या अंगाला हात लावलास? या देवळात असं कधी घडलं नव्हतं!"

"कधी घडलं नव्हतं?" गुरवीण म्हणाली. "सरपंच, आठवून बोला. सांगू का सगळ्यांना? तुमच्या विहिरीचा कौल लागला, त्याच्या आदल्या दिवशी..."

सरपंचाला जोराचा ठसका लागला.

"नाहीतर कोपऱ्यावरच्या जागेचं सांगते," ती दुकानदाराकडे वळली. "तेव्हा देवीने होकार कसा..."

"वहिनी, वहिनी!" दुकानदार घाईघाईने उठला. "झालं गेलं उकरून काय उपयोग? आधी पोरीचं बघू की!"

मागच्या बाजूला आणखी चार-पाच जण एकदम जमिनीकडे बघायला लागले. सरपंचाने पाणी मागवलं, प्यायला, तोंड पुसलं आणि न्यायाधीशासारखा बसला.

"हे बघा," तो म्हणाला, "पाकळ्या बदलल्या म्हणजे पडली ती मुळात कोणती? उजवीकडची. माणसाने कितीही उलटंपालटं करू दे, देवीने आपली उजवीच पाडली! होकार आहे. पोरगी जाईल."

"जाईल, जाईल!" सगळं देऊळ एका सुरात ओरडलं.

गुरव देवीपुढे आडवा झाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "माय, बाईच्या हातून चूक झाली तरी तू खरं ते दाखवलंस!" गुरवीण बघत राहिली. त्या सगळ्या देवळात तेवढा एकच माणूस खरा होता, आणि त्याच्याशी ती एकोणीस वर्षं खोटं वागली होती. तिला फार वाईट वाटलं. पण पोरगी गळ्यात पडली, आणि ते वाईट वाटणं तेवढ्यावर राहिलं.

सोमवारी पोरगी गेली. आता दुसऱ्या वर्षाला आहे.

गुरवाने मात्र त्या दिवसापासून बायकोला आणि आईला गाभाऱ्यात हात लावू दिलेला नाही. पाकळ्या तो स्वतः लावतो, नुसत्या पाण्याने, देवीचं नाव घेत. पडायची ती आपली आपण पडते. सरपंचाला दोनदा नकार आला, दुकानदाराला तीनदा. हल्ली कौल लावायला कुणी फिरकत नाही. या देवीत आता पहिल्यासारखं सत्त्व राहिलं नाही, असं गावात सगळे म्हणतात.