मोहोळाखालचा दरवाजा

हुलासबाईंचं वय सहासष्ट. सून रक्षा नंदुरबार भागातल्या पंधरा-सोळा जणांना घेऊन तोरणमाळच्या डोंगरातला जुना किल्ला पायी बघायला निघाली, तेव्हा त्यांनी यादीत स्वतःचं नाव घालायला लावलं.

"मम्मीजी, चढ फार उभा आहे."

"साध्वीजींच्या पायी विहारात सुरतेपर्यंत चालले, तेही अनवाणी. तुझा किल्ला काय सुरतेच्या पुढे आहे?"

दुकानाच्या गादीवरून हुलासबाईंचे यजमान भंवरलालशेठ म्हणाले, "ने तिला. नाहीतर एकटी जाईल."

रविवारी सकाळी पायथ्याशी नवल भेटला. तिथल्याच पाड्यावरचा पावरा आदिवासी, तोच वाटाड्या. मराठी तो मोजकंच बोलायचा. सुरुवातीला धावणारे तासाभरात झाडाखाली टेकले. हुलासबाई थांबल्या नाहीत आणि घाईही केली नाही. निम्म्या चढावर नवलच्या मागे त्याच होत्या.

किल्ल्याचा दरवाजा दिसला तसा नवलने हात आडवा केला. कमानीला आग्या मधमाश्यांची तीन मोठी मोहोळं लटकली होती.

"इथून नाय. मागून जाऊ."

रनाळ्याचा चंदन मात्र याच दरवाज्याच्या फोटोसाठी आला होता. बँकेतला माणूस, गळ्यात महागडा कॅमेरा, सोबत सहा मित्र. "जरा धूर केला की उडतील," म्हणत त्याने वाळलेलं गवत गोळा केलं. नवल दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने मान खाली घातली. रक्षाही घुटमळली, चंदन बिथरला तर निम्मी मंडळी फुटली असती.

हुलासबाईंनी ते पाहिलं. त्या शांतपणे चालत आल्या आणि त्या गवताच्या ढिगावर चक्क मांडी घालून बसल्या.

"हं, आता पेटव."

"मावशी, उठा ना! दोन मिनिटनं काम शे."

चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून त्यांची अहिराणी चंदनपेक्षा ठसकेबाज झाली होती. मोहोळांकडे बोट करून त्या म्हणाल्या, "तुन्हा फोटोसाठे आपन त्यास्नं घर जाळाले उनूत का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. चंदनने काडेपेटी खिशात टाकली. हुलासबाई सुनेकडे वळल्या. "रक्षा, वाटाड्या कोण आहे?"

रक्षाने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. "नवलभाऊ. ते नेतील तिथूनच सगळे जातील. ज्याला नको, त्याने इथून परत फिरावं."

परत कुणीच फिरलं नाही.

मागची तटबंदी ढासळली होती, तिथून दगडांवर हात टेकत वर जायचं. शेवटचा दगड कमरेएवढा. हुलासबाईंचा पाय पुरेना. वरून एक हात खाली आला, चंदनचा. त्यांनी तो धरला आणि एका दमात वर आल्या.

तटावर वारा भणाणत होता. खाली सातपुड्याच्या घड्या पार निळ्या होईपर्यंत पसरल्या होत्या. हुलासबाई बुरुजाच्या कडेला उभ्या राहिल्या. छाती धपापत होती आणि आपण इथवर आलो याचं त्यांना जराही आश्चर्य वाटत नव्हतं. यायचंच होतं त्यांना. त्यांनी खाकऱ्याचा डबा उघडला आणि पहिला खाकरा वाटाड्याच्या हातात दिला.

उतरताना चंदनने रक्षाला गाठलं. "पुढच्या वेळी मला आणाल ना, वहिनी?"

"माझ्या हातात नाही," रक्षा म्हणाली. "नवलभाऊंना विचारा."

चंदन पुढे गेला आणि विचारू लागला.