हात न लावता चालणारा घोडेस्वार

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ना, तोच. या घरातली आई मला रिमोट म्हणते आणि मी कधी तिची चूक काढलेली नाही. माझ्या अंगावर बटणं आहेत आणि दोन आखूड दांड्या आहेत. डावी दांडी ढकलली की पडद्यावरचा माणूस चालतो. उजवी फिरवली की त्याला आजूबाजूचं दिसतं. उजवीबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. माझी सगळी गोष्ट डावीची आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून माझी भावंडं रांगेने पुढे जात होती. एका बाईने माझं एकेक बटण दाबून पाहिलं, दोन्ही दांड्या गोल फिरवल्या, मान हलवली आणि मला पुढे ढकललं. मग खोका, काळोख, जहाज, ट्रक आणि शेवटी एका दुकानाची फळी.

तिथून मला एका मुलीने उचललं. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची. पहिल्या पगारातून तिने गेमची पेटी आणि मला घेतलं ते स्वतःसाठी नव्हे, तर बाबांसाठी. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर अरुंद पोकळीत शिरून, मान वाकडी करून काम. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही सारखे डब्यात असता. आता जरा मोकळ्यावर फिरा.’’

त्या गेममध्ये खरोखरच मोकळं जग होतं. डोंगर, तळी, मैलोन् मैल गवत, अधूनमधून एखादं गाव. त्यातून एक घोडेस्वार निघालेला असतो. त्याची धाकटी बहीण घरातून निघून गेलेली असते, तिला शोधायचं. गोष्ट एवढीच. पण मधे इतक्या वाटा फुटतात की हरवायला जागाच जागा.

आणि बाबा आनंदाने हरवले. संध्याकाळी हातांना साबण लावूनही वंगणाचा वास राहायचाच, त्या हातांनी ते मला धरायचे. बहिणीकडे जाणारा रस्ता सोडून ते मासे पकडायचे, टेकड्या चढायचे. घोड्याचं नाव त्यांनी ‘लिफ्ट’ ठेवलं होतं. ‘‘हीच एक लिफ्ट अशी आहे, जी कधी मधेच अडकत नाही,’’ असं म्हणून स्वतःच हसायचे. मुलगी वैतागायची. ‘‘बाबा, अहो, बाण उजवीकडे दाखवतोय!’’ बाबा मात्र प्रत्येक झाडाला, प्रत्येक दगडाला डावीकडून वळसा घालायचे. का, ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्या अंगठ्याखाली माझ्या डाव्या दांडीला खळगा पडला.

आई कपड्यांना इस्त्री करण्याच्या कारखान्यात कामाला होती. घरी आली की पाय वर घेऊन बसायची आणि पडद्याकडे न बघता विचारायची, ‘‘काय हो, सापडली का तुमची बहीण?’’

‘‘सापडेल की. घाई काय आहे?’’

मित्रांनो, मला वाटायचं हे असंच चालणार. चांगल्या दिवसांत आपल्याला दुसरं काही सुचतच नाही.

एके दिवशी एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत, बाबांच्या छातीत कळ आली. भिंतीला टेकून ते खाली बसले ते उठलेच नाहीत. मला हे फार उशिरा, तुकड्यातुकड्यांनी समजलं, कारण मी टीव्हीखालच्या खणात होतो. बाहेर पुष्कळ पावलं वाजली. दबक्या आवाजात बोलणं झालं. मग पावलं कमी होत गेली आणि घर इतकं गप्प झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला खणातही ऐकू यायचा. माझी बॅटरी संपली. कोणी मला चार्जिंगला लावलं नाही. धूळ बसत गेली.

पुढे एका रविवारी खण उघडला. मुलीने मला बाहेर काढलं, फडक्याने पुसलं आणि वायर जोडली. आई खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. पडदा उजळला. घोडेस्वार एका तळ्याकाठी विझत्या शेकोटीजवळ उभा होता. शेजारी घोडा. बाबांनी शेवटच्या संध्याकाळी त्याला तिथे सोडलं होतं.

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. ‘‘इथे थांबले होते होय...’’

मुलीने मला स्टुलावर ठेवलं आणि डोळे पुसले. तेवढ्यात घोडेस्वार चालू लागला. अगदी सावकाश, काठाकाठाने, डाव्या हाताला.

‘‘अगं, त्याला हलवू नकोस,’’ आई म्हणाली.

‘‘मी कुठे हलवतेय? माझे हात बघ.’’

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. मी स्टुलावर एकटा पडलो होतो आणि पडद्यावर तो चालत होता.

खरं काय ते तुम्हाला सांगतो. माझी डावी दांडी झिजली होती. मधोमध उभं राहायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, ती आपोआप डावीकडे कलायची. कोणत्याही दुरुस्तीवाल्याने हेच सांगितलं असतं. मुलीनेही सांगितलं, ‘‘आई, कंट्रोलर बिघडलाय गं.’’ पण ती ओढ मला बाबांच्याच अंगठ्याने लावली होती. मग चालत कोण होतं? याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

त्यानंतर रोज कामावरून आल्यावर आई मुलीला गेम चालू करून मला स्टुलावर ठेवायला लावायची. कोणी हात लावायचा नाही. दिवेलागण झाली तरी खोलीतला दिवा लावायचा नाही. पडद्याचा निळसर उजेड तिच्या चेहऱ्यावर पडायचा आणि तो चालायचा. आई त्याच्याशी बोलायची. आज वाफेची इस्त्री बंद पडली, खालच्या मजल्यावरच्यांनी घर सोडलं, असं काहीबाही. पलीकडून वाऱ्याचा आवाज यायचा. मला मात्र भीती वाटायची. आपल्यामुळे एक बाई एका रिकाम्या माणसाशी बोलते आहे, आणि आपल्याला तोंड नाही.

एका संध्याकाळी तळ्याकाठचा वळसा चुकला. घोडेस्वार कडेच्या वाटेला लागला. पुढे कडा होता. आईला तो दिसला.

‘‘अहो, थांबा! ठमे, अगं, धर त्याला! ठमे!’’

ठमी म्हणजे तिची मुलगी. ती स्वयंपाकघरातून धावत आली, पण उशीर झाला होता. घोडेस्वार त्याच संथ पावलांनी कड्यावरून खाली गेला. पडदा काळा झाला. आईने पदर मुठीत धरला.

क्षणभराने पडदा उजळला. घोडेस्वार पुन्हा तळ्याकाठी, शेकोटीजवळ उभा होता, जणू काही झालंच नाही. आणि पुन्हा डावीकडे चालू लागला.

‘‘बंद कर,’’ आई म्हणाली. ‘‘हा रोज असा पडणार आणि रोज उठून उभा राहणार. मला नाही बघवत.’’ मग म्हणाली, ‘‘त्याला कुठे जायचं होतं? बहिणीकडेच ना? चल, पोचवून टाकू.’’

आईने मला पहिल्यांदा हातात घेतलं ते असं. इस्त्रीने कोरडे झालेले, गरम हात. धरणं उलटं, बटणं चुकीची. घोडेस्वार झाडांवर आपटायचा, पाण्यात पडायचा, गावात शिरून कोंबड्यांच्या मागे लागायचा. ‘‘आई, तू त्याला वेडा करशील,’’ ठमी म्हणायची. आईला सारखा उजवीकडे जोर द्यावा लागे, कारण माझी ओढ डावीकडे. तिचा अंगठा दुखायचा. मलाही लाज वाटायची, पण मी काय करणार?

गेममधल्या नकाशावर बाबांनी जागोजागी खुणा करून ठेवल्या होत्या. आईला वाटलं, बहिणीचा माग असेल. एकेका खुणेपाशी दोघी घोडा घेऊन गेल्या. तिथे काहीच नसायचं. एक टेकाड, बसायला सपाट दगड, समोर मावळतीचं आभाळ. पुढच्या खुणेपाशीही तेच. त्याच्या पुढेही तेच.

‘‘म्हणजे हा माणूस शोधतच नव्हता!’’ आई म्हणाली. ‘‘नुसता बसत होता! आणि मला सांगायचा, शोधतोय म्हणून!’’ आणि ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. ठमी तिच्याकडे बघतच राहिली, कारण त्या घरात कित्येक महिन्यांत कोणी हसलं नव्हतं.

शेवटी दोघी समुद्राशी पोचल्या. दीपस्तंभाचा जिना चढून घोडेस्वार वर गेला. बहीण दिव्याची काच पुसत होती. ती वळली आणि म्हणाली, ‘‘दादा, किती उशीर केलास!’’ मग संगीत सुरू झालं आणि ज्यांनी तो गेम केला त्यांची नावं खालून वर सरकू लागली. आईने सगळी नावं पाहिली. निरोप द्यायला फाटकापर्यंत जावं तशी ती शेवटच्या नावापर्यंत बसून राहिली.

मित्रांनो, गेम संपला की टाळ्या वाजतात, असं तुम्हाला वाटत असेल. संपल्यावर काय होतं ते सांगतो. ते जग तुम्हाला परत मिळतं. तेच डोंगर, तेच गवत. कुठेही जा. फक्त आता कोणाचंच तुमच्याकडे काही काम नसतं.

आई त्या जगात फिरली. विहिरीवरच्या म्हातारीने विचारलं, ‘‘बहीण सापडली का रे बाळा?’’ आई टीव्हीला म्हणाली, ‘‘सापडली हो.’’ म्हातारीने पुन्हा विचारलं, ‘‘बहीण सापडली का रे बाळा?’’ आईने घोडा वळवला आणि थेट दीपस्तंभ गाठला. बहीण काच पुसत होती. ‘‘दादा, किती उशीर केलास!’’ आई जिना उतरून पुन्हा चढली. तोच आवाज, तेच वळणं. ‘‘दादा, किती उशीर केलास!’’

‘‘ठमे, हिला दुसरं काही बोलता येत नाही का?’’

‘‘नाही गं. तिचं बोलणं संपलं.’’

आईने मला मांडीवर ठेवलं. तिचे हात गार पडले होते. ‘‘तुझ्या बाबांचंही तसंच झालंय,’’ ती म्हणाली. ‘‘घाई काय आहे. येतो गं. दार लावून घे. त्यांचं तेवढंच ऐकू येतं. बाकी सगळं पुसट होत चाललंय. मला त्याचीच धास्ती वाटते.’’

ठमी तिच्याजवळ सरकली. ‘‘मला दुसरंही येतं.’’

‘‘काय येतं?’’

‘‘मी शाळेत नापास झाले होते ना, तेव्हा तुला सांगण्याआधी मला ते कामावर घेऊन गेले होते. लिफ्टच्या टपावर बसवून अगदी वरपर्यंत नेलं. म्हणाले, ‘ठमे, वरून बघ, शाळा केवढीशी दिसते.’ आणि हे तुला सांगायचं नाही म्हणाले.’’

‘‘लिफ्टच्या टपावर? लेकराला?’’ आई एकदम ताठ बसली. ‘‘येऊ दे त्यांना घरी...’’

ती मधेच थांबली. खोलीत वाऱ्याचा आवाज तेवढा होता. मग ती हळूच म्हणाली, ‘‘अजून सांग.’’

ठमी सांगत राहिली. आईनेही काही सांगितलं, जे ठमीला माहीत नव्हतं. घोडेस्वार दीपस्तंभाच्या गॅलरीत डावीकडे सरकत सरकत कठड्याला टेकला आणि तिथेच चालत राहिला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात आई मला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदार म्हणाला, ‘‘काकू, दांडी पार गेलीय. नवाच घ्या ना.’’ आई म्हणाली, ‘‘दांडी बदला. बाकी हाच राहू दे.’’ त्याने माझं पोट उघडलं. बाबांच्या अंगठ्याचा खळगा माझ्यातून निघाला तेव्हा मला कसं वाटलं, ते सांगायला माझ्याकडे बटण नाही. आता मी सरळ आहे. स्टुलावर ठेवलं तर घोडेस्वार जागचा हलत नाही. तरी संध्याकाळी खोलीत कोणी नसलं की मला डावीकडून हलका जोर जाणवतो. पडद्यावर काहीच हलत नाही. जोर मात्र जाणवतो.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तूंना जपा. रागाने आपटू नका, वायर ओढू नका, ओले हात लावू नका. आमच्यात तुमचे हात साठत जातात, आणि तुम्ही नसताना ते सांभाळायचं काम आमच्यावर येतं. कोणाची गोष्ट अर्धी राहिली असेल, तर त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जा, भीती वाटली तरी. आणि गेम चालू ठेवून खोलीतून उठून जाऊ नका. तिकडे कोणीतरी उभं असतं.