म्हाताऱ्याचे केस

वर्गात बत्तीस मुलांच्या कात्र्या चालू होत्या आणि फोनवर आई विचारत होती, "म्हातारा कुठाय?"

बाबा पाट्या रंगवायचे. त्यांच्या एका जुन्या ब्रशाला घरात म्हातारा म्हणत. तो कायम तेलकट फडक्यात गुंडाळलेला, त्यामुळे मी त्याचं नाव तेवढं ऐकून होते, तोंड कधी पाहिलं नव्हतं.

"डब्यात असेल की."

"डब्यातले ब्रश तूच नेलेस सकाळी. फडकं तेवढं पडलंय इथे."

हस्तकलेच्या तासाला मी मुलांकडून टाकाऊ ब्रशांच्या बाहुल्या करून घेत होते. दांडा म्हणजे अंग, केस म्हणजे केस. "झिजलेले सगळे ने," असं बाबाच म्हणाले होते. मी शहाणीने फडकं सोडून पाहिलं, तर आतला ब्रश सगळ्यांत झिजलेला. हाच म्हातारा, हे घाईत डोक्यातच आलं नाही. म्हणून तोच सर्वांत आधी पिशवीत टाकला.

"अगं, घासून घासून त्यांच्या हातासारखा झालाय तो," आई आवाज दाबून म्हणाली. "चारला दवाखान्याची पाटी लिहायचीय. आणि आजच नेमकं..."

वर्षापूर्वी आजारपणात बाबांचा उजवा हात गेला होता. आता परत आला होता, पण थरथर घेऊन. आज, त्यानंतरच्या पहिल्याच पाटीवर, परक्या ब्रशाने रेघ बिघडली तर ते पुन्हा ब्रश धरणार नाहीत, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. त्यांना नव्हतं असंही नाही.

"कात्र्या खाली ठेवा," मी म्हटलं. आवाज इतका चिरका निघाला की सगळ्या कात्र्या एकदम बाकांवर आदळल्या.

मी एकेक बाक बघत निघाले. एक बाहुला टकलू झालेला, एकीच्या कपाळावर झालर कापलेली, एकाचे केस काढून हनुवटीला दाढी चिकटवलेली. बाकांखाली न्हाव्याच्या दुकानासारखे केस पडलेले. यातले त्याचे कुठले, कसं कळणार? मला रडू येऊ लागलं.

शेवटच्या बाकावरची मुलगी हात पाठीमागे धरून उभी होती.

"दाखव."

"मी नाही कापले, बाई. हा कापूनच आला होता."

केस डावीकडे उतरते झिजलेले. तोच. दांड्यावर दोन डोळे लावलेले: मीच घरून आणलेल्या बाबांच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातले प्लास्टिकचे फुगे, आत मोहरीचा एकेक दाणा.

"हा मला परत हवाय गं."

"डोळे नका काढू पण," ती म्हणाली. "आत्ताच लागलेत."

चार वाजता दवाखान्याच्या दारात बाबांनी नखाने डोळे खरवडून पाहिले. डिंक घट्ट बसला होता.

"चूक माझी, बाबा."

"मग काय माझी?" ते म्हणाले. "राहू देत. त्याला हल्ली दिसत नव्हतंच."

त्यांनी ब्रश रंगात बुडवून वर उचलला. मोहरीचे दाणे खडखडू लागले. डॉक्टर आतून बघत होते. आईने पाठ फिरवली. मी फक्त त्या दाण्यांकडे बघत होते. पाटीकडे बघायची माझी छाती होत नव्हती. ब्रश पाटीला टेकला.

"कशी येतेय रेघ?" आईने तोंड न फिरवता विचारलं.

"दाणे थांबलेत," मी म्हटलं.